त्या पहाटे वार कोणता होता?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींकडे मी मोडी शिकलो. त्यांची शिकवण्याची पद्धत वेगळी होती. कागद समोर ठेवला की ते त्याच्या मधल्या मजकुरावर सरळ आपला तळहात ठेवायचे. वरच्या दोन ओळी आणि खालची एक ओळ एवढेच दिसायचे. म्हणायचे, "आधी मिती सांग, मग मजकूर वाच." आम्हाला घाई असायची. मधे काय आहे, कोणी कोणाला काय लिहिले आहे, कुठल्या किल्ल्याचे नाव आले आहे, हे पाहायचे असायचे. पण मिती सांगितल्याशिवाय तो हात उठत नसे. आज चाळीसएक वर्षांनी मी तुमच्यासमोर उभा आहे तो त्या तळहाताबद्दलच बोलायला.

विषय म्हणून मी एकच वर्ष घेतले आहे. आपण त्याला १६७४ म्हणतो. मराठी माणसाला हे साल पाठ आहे, आणि ते का पाठ आहे हे सांगायची गरज नाही. पण त्या वर्षी रायगडावर, राजापुरात, मुंबईच्या किल्ल्यात, वसईच्या कोटात, सुरतेच्या पेढीवर किंवा दिल्लीच्या दफ्तरात जाऊन 'हे कोणते साल?' असे विचारले असते, तर १६७४ हे उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळाले असते. रायगडावर तर नाहीच.

रायगडावरचे उत्तर आधी पाहू. शालिवाहन शके १५९६, आनंदनाम संवत्सर. शकाच्या आकड्याला संवत्सराचे नाव जोडण्याची ही रीत आपल्याला लग्नपत्रिकेपुरती उरलेली वाटते. पण इतिहास वाचणाऱ्याला ती पहारेकऱ्यासारखी उपयोगी पडते. संवत्सरे साठ. आनंद हे त्यातले अठ्ठेचाळिसावे. नकलणाऱ्याच्या हातून आकडा चुकला, ९ चा ६ झाला, तर नाव त्याची चूक धरून देते. शके १५५१ ला शुक्ल संवत्सर, म्हणजे तिसरे. तिथून पंचेचाळीस वर्षे मोजा, शके १५९६ ला अठ्ठेचाळिसावे आनंदच येते. हिशेब जुळला. साठ वर्षांचे पाच फेरे झाले की तीनशे वर्षे, म्हणून राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ सालीही दक्षिणेच्या पंचांगात संवत्सर आनंदच होते. 'दक्षिणेच्या' असे मुद्दाम म्हणतो, कारण उत्तरेत संवत्सर गुरूच्या गतीने मोजतात आणि सुमारे पंच्याऐंशी वर्षांत एक नाव गळते. त्यामुळे त्याच वर्षाला काशीच्या पंचांगात वेगळे नाव असते.

आता त्या दिवसाकडे येऊ. कारीच्या जेधे घराण्याकडे एक शकावली होती, लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्धीस आणली. कोरडी टिपणे आहेत ती. शक, संवत्सर, मिती, वार आणि एका वाक्यात काय घडले ते. माझ्या मते मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत याहून मोलाचे कागद थोडे आहेत, कारण लिहिणाऱ्याला कोणाची स्तुती करायची नव्हती, त्याला दिवस टिपायचा होता. या शकावलीत सिंहासनारोहणाची नोंद ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी आहे. पुढे द्वादशीच्या घटी आणि पळे दिली आहेत, आणि तीन घटिका रात्र उरली असता राजे सिंहासनावर बसले असे सांगितले आहे.

इथे बरेच वाचक अडखळतात. आपण तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी म्हणतो. ६ जून १६७४ ला वार येतो शनिवार. मग शकावली चुकली का?

शकावली चुकलेली नाही. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयाला संपतो. एक घटिका म्हणजे चोवीस मिनिटे. तीन घटिका रात्र उरली म्हणजे सूर्य उगवायला बहात्तर मिनिटे बाकी. अजून उजाडलेले नाही, तेव्हा वार शुक्रवारच. शुक्रवारच्या सूर्योदयाला द्वादशी होती, म्हणून तो दिवस द्वादशीचा. ती द्वादशी सूर्योदयानंतर एकवीस घटी चौतीस पळांनी, म्हणजे दुपारीच, संपली आणि त्रयोदशी लागली. सिंहासनारोहणाच्या क्षणी आकाशात त्रयोदशीच होती. इंग्रजांचा दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून त्यांच्या लेखी शनिवार उजाडून चार तास होऊन गेले होते. आणि गडावर कोणी हिजरी गणनेने मोजणारा कारकून किंवा वकील असेल, तर त्याचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू झालेला होता.

क्षण एकच. समया पेटलेल्या आहेत, पुरोहितांचा घोष चालू आहे, पूर्वेला अजून तांबडे फुटलेले नाही. आणि त्या एका क्षणाला एकाच्या हिशेबी शुक्रवार आहे, दुसऱ्याच्या हिशेबी शनिवार चार तासांचा झाला आहे, तिसऱ्याच्या हिशेबी शनिवारची जवळजवळ सगळी रात्र सरली आहे. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. हे ज्याला एकदा नीट कळले, त्याला तारखांचे निम्मे वाद सुटल्यासारखे वाटतात.

उरलेले निम्मे वाद सुटायला मात्र माहीमच्या खाडीवर जावे लागते.

रोमचा पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ साली दहा दिवस गाळून कॅलेंडर दुरुस्त केले. पोर्तुगाल कॅथलिक, त्याने ही दुरुस्ती तेव्हाच स्वीकारली आणि त्याच्या इथल्या मुलखातही ती आली. इंग्लंडने पोपचे ऐकायचे नाही असे ठरवले होते, म्हणून ते जुन्या जूलियन गणनेवरच राहिले, ते थेट १७५२ पर्यंत. त्या वर्षी तिकडे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. सतराव्या शतकात तो दहा दिवसांचा होता.

आता १६७४ चा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई बेट पोर्तुगीजांनी आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाला दिलेले. १६६५ साली ताबा गेला, १६६८ साली राजाने ते कंपनीकडे सोपवले. म्हणजे माहीम इंग्रजांचे. खाडीपलीकडचे वांद्रे, सगळी साष्टी, वर वसई हे पोर्तुगीजांचे. माहीमच्या धक्क्यावर कंपनीच्या कारकुनाने ६ जून लिहिला त्या दिवशी समोरच्या तीरावर पोर्तुगीज कारकुनाच्या वहीत १६ जून होता. होडीने खाडी ओलांडायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात दहा दिवस जात, आणि परत आले की दहा दिवस परत मिळत. मुंबईच्या सरकारी कागदाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट झाली: पोर्तुगीज अमलात तो नव्या गणनेत होता, इंग्रज अंमल आल्यावर तो जुन्या गणनेत मागे गेला. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. डच कंपनी नव्या गणनेने लिहीत असे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर एकाच आठवड्यात घडलेल्या गोष्टीबद्दल वेंगुर्ल्याचे पत्र आणि मुंबईचे पत्र शेजारी ठेवले, तर तारखांत दहा दिवसांचे अंतर दिसणारच.

हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील तेव्हा रायगडावर होता. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने त्याला तहाच्या बोलणीसाठी पाठवले होते. बरोबर दुभाषी म्हणून नारायण शेणवी होता. सकाळी ऑक्झिंडेन दरबारात गेला, सिंहासन पाहिले, सोन्याच्या भाल्यांवर लावलेली मत्स्यमुखे आणि न्यायाचा तराजू पाहिला, दाराशी उभे असलेले हत्ती पाहिले, आणि हे सगळे टिपून ठेवले. त्याच्या टिपणातली तारीख ६ जून. आपण आज कॅलेंडरवर जो ६ जून छापतो, तो या वळणाचा. मराठी इतिहासलेखनात १७५२ पूर्वीच्या तारखा जुन्या गणनेतच द्यायचा प्रघात पडला, तो इंग्रजी वखारींच्या कागदांशी मेळ बसावा म्हणून. प्रघात सोयीचा आहे, मला तो मोडायचा नाही. पण तो प्रघात आहे हे विसरले की काय होते, ते एका उदाहरणाने सांगतो, आणि हे उदाहरण मला फार जवळचे आहे.

जिजाबाईंचे निधन पाचाडला झाले, ज्येष्ठ वद्य नवमी, बुधवार. जुन्या गणनेने १७ जून १६७४. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी. आता कोणी उत्साही माणूस राज्याभिषेकाची तारीख 'शास्त्रशुद्ध' करायला घेतो, ग्रेगोरियन करतो आणि १६ जून लिहितो. बरोबरच आहे ते. पण आईसाहेबांच्या निधनाची तारीख तो दुसऱ्या पुस्तकातून तशीच उचलतो: १७ जून. झाले. आता वाचणाऱ्याला दिसते की मुलगा सिंहासनावर बसला आणि दुसऱ्याच दिवशी आई गेली. त्यावर कोणी परिच्छेद लिहितो, कोणी भाषणात गहिवरतो. दोन्ही तारखा आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोन्ही मिळून तयार झालेली गोष्ट मात्र साफ चुकीची आहे. त्या माउलीला राज्याभिषेकानंतर मिळालेले दहा दिवस आपण एका निष्काळजी नोंदीने तिच्याकडून काढून घेतो. मला हे सहन होत नाही.

मिती आणि वार धरून बसलात तर ही चूक होऊच शकत नाही. शुद्ध त्रयोदशी ते वद्य नवमी हे बोटांवर मोजता येते, आणि शनिवार ते बुधवार हे वारही त्याला साक्ष देतात. वार या बाबतीत फार इमानी आहे. जूलियन असो की ग्रेगोरियन, तारीख बदलते, वार बदलत नाही. माहीमला शनिवार तर वांद्र्यालाही शनिवारच.

वद्य पक्षाचे मात्र एक सांभाळायला हवे. आपला महिना अमावास्येला संपतो. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोघांचे महिने एकच असतात, वद्य पक्षात उत्तरेचा महिना एक पाऊल पुढे असतो. म्हणून पाचाडची ज्येष्ठ वद्य नवमी ही मथुरा-काशीकडे आषाढ कृष्ण नवमी होते. महाराज आग्र्याला होते त्या काळची जी राजस्थानी पत्रे आहेत, ती वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. नाहीतर घटना एक महिना पुढे ढकलली जाते. आणि ती पत्रे विक्रम संवतात आहेत. विक्रम संवताचेही दोन प्रकार. उत्तरेत तो चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात. म्हणून १६७४ च्या जूनमध्ये आग्र्याच्या सावकाराच्या वहीत संवत १७३१ होता आणि सुरतेच्या सावकाराच्या वहीत १७३०. दोघांत हुंड्यांचा व्यवहार चाले. सुरतेतच पारशांचे यज्दगर्दी साल १०४३ चालू होते. त्यात लीप दिवस नाही, म्हणून ते ऋतूंमधून हळूहळू मागे सरकत असते. जैनांच्या वीरनिर्वाण संवताला त्या वर्षी २२०० चा आकडा होता.

दिल्लीच्या दफ्तरात हिजरी १०८५ आणि शिवाय बादशहाचे जुलूसी, म्हणजे राज्यारोहणापासूनचे साल, औरंगजेबाचे सतरावे. तो स्वतः तेव्हा दिल्लीत नव्हता. अफगाणांच्या बंडासाठी हसन अब्दालच्या वाटेवर होता. हिजरी वर्षाबद्दल मला त्या सालातली एक गोष्ट मोठी सुंदर वाटते. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, ३५४ दिवसांचे. ते ऋतूंमधून फिरत राहते, आणि आपला चैत्र वसंतात बांधलेला. दोघांची भेट तेहेतीसएक वर्षांनी होते. शके १५९६ चा गुढीपाडवा आणि हिजरी १०८५ च्या मोहरमचा चंद्र हे एक-दोन दिवसांच्या अंतराने आले. आणि इंग्रजांचे सरकारी वर्ष तेव्हा १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला सुरू होई. म्हणजे त्यांच्या जुन्या गणनेच्या मार्चअखेरीस एकाच आठवड्यात तिघांचीही नवी वर्षे लागली. कोकणातल्या एखाद्या बंदरात त्या आठवड्यात गुढी उभी होती, ताबुतांची तयारी चालू होती आणि वखारीतला गोरा कारकून १६७३ खोडून १६७४ लिहायची सवय करत होता.

२५ मार्चचा हा मुद्दा किरकोळ समजू नका. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख घ्या. मूळ नोंद जेधे शकावलीतली: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. जुन्या गणनेने तो दिवस १९ फेब्रुवारी. पण त्या दिवशी सुरतेच्या वखारीत बसलेल्या इंग्रजाने साल लिहिले असते १६२९, कारण त्याचे १६३० उजाडायला महिनाभर बाकी होता. त्याच दिवशी गोव्यातल्या पोर्तुगीजाने लिहिले असते १ मार्च १६३०. दिवस वेगळा, महिना वेगळा, साल वेगळे; आणि शिवनेरीवर जन्मलेले मूल एकच, शुक्रवारही एकच. १९ फेब्रुवारी १६३० ही आपण जशी छापतो तशी तारीख त्या दिवशी हिंदुस्थानात कदाचित कोणीच लिहिली नसेल: दिवस जुन्या इंग्रजी गणनेचा आणि सालाची सुरुवात आजच्या जानेवारीची, असे ते आपण नंतर घातलेले जोडकाम आहे.

आता मला ज्या गणनेवर थोडे थांबायचे आहे तिच्याकडे येतो. शिवकालीन पत्र हातात घेतले की वरच्या ओळीतच 'सु॥' असे दिसते आणि पुढे अरबी शब्द येतात. सु॥ म्हणजे सुहूर सन. १६७४ च्या पावसाळ्यातल्या पत्रावर असते 'खमस सबैन अलफ'. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. एक हजार पंच्याहत्तर. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १६७४. पत्राच्या शेवटी 'छ' आणि आकडा, मग अरबी महिना. हा छ म्हणजे चंद्र, महिन्याचा कितवा चांद तो.

वर्ष सौर आणि महिने चांद्र, अशी ही दुहेरी गणना. हिचा उगम तुघलकांच्या काळात, १३४४ च्या सुमारास. तेव्हा हिजरी सन ७४५ चालू होता. तोच आकडा घेतला आणि वर्ष सूर्याला बांधले. कारण उघड आहे. चांद्र वर्षाने सारा वसूल करायला गेले तर तेहेतीस पिकांवर चौतीस वर्षांचा सारा मागावा लागतो, आणि तो द्यायचा कुठून? म्हणून वर्षाचा आरंभ धरला सूर्य मृग नक्षत्रात जातो तिथे. पेरणीच्या तोंडावर. याला मृगसाल असेही म्हणतात. दोन्ही सन ७४५ ला एकत्र होते. १६७४ पर्यंत हिजरी १०८५ वर गेला आणि सुहूर १०७५ वरच होता. मधली ही दहा वर्षे म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावर न पडलेला दहा वर्षांचा बोजा आहे. याच धर्तीचा फसली सन शहाजहानच्या काळात दक्षिणेत आला. त्याचा आकडा तेव्हा १०८४. दोन्ही मृगातच बदलतात, म्हणून सुहूर आणि फसली यांत नेहमी नऊचा फरक असतो.

सुहूर वाचताना डोळ्यांत तेल घालावे लागते. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर. तिसा नऊ, तिसैन नव्वद. घाईने लिहिलेल्या मोडीत सबैन आणि तिसैन यांत एखाद्या वळणाचा फरक असतो, आणि कागदाला नेमकी तिथे घडी असेल तर तोही पुसलेला. मी स्वतः एका वतनाच्या कागदावर 'खमस तिसैन' वाचून खूश झालो होतो. तसे असते तर ते साल १६९४, राजाराम महाराज जिंजीला असतानाचे. गुरुजींनी कागद खिडकीपाशी नेला, आडवा धरला, आणि घडीतल्या अक्षराच्या शाईचा उरलेला डाग दाखवला. सबैन होते ते. वीस वर्षे, तीन छत्रपती, आणि एका कुटुंबाचा वतनाचा सगळा इतिहास त्या डागावर उभा होता. त्या दिवसापासून मी अक्षरावर एकट्यावर विश्वास ठेवत नाही. छ चा आकडा, महिना, वार दिला असेल तर वार, हे सगळे जंत्रीत जुळल्याशिवाय साल सांगत नाही. ग. स. खरे यांनी शिवकाळासाठी केलेली जंत्री, जिला आम्ही नुसती खरे जंत्री म्हणतो, ती झिजेपर्यंत वापरलेली माणसे मी पाहिली आहेत. अशा पुस्तकांचे सत्कार होत नाहीत. व्हायला हवेत.

या सगळ्या गर्दीत त्या ज्येष्ठात आणखी एक गणना जन्माला आली. राज्याभिषेक शक. महाराजांनी सिंहासनारोहणापासून नवा शक सुरू केला, त्याचे पहिले वर्ष हेच. दख्खनमध्ये यापूर्वी कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याने १०७६ साली स्वतःचा शक सुरू केला होता, तो शंभरएक वर्षे चालला. अकबराने इलाही सन काढला, तो त्याच्यामागे फार टिकला नाही. आपल्याकडे शककर्ता हा शब्द राजाहून मोठा आहे. वर्ष मोजण्याचा आरंभ स्वतःपासून करणे म्हणजे काळावरही आपला हक्क सांगणे, आणि तो सांगायचे धैर्य त्या काळी दख्खनमध्ये दुसऱ्या कोणी दाखवले नव्हते. आणि ही लहर नव्हती. महाराजांना पंचांगाच्या शास्त्रातच रस होता. कृष्ण ज्योतिषी याने त्यांच्या आज्ञेने 'करणकौस्तुभ' हा ग्रंथ लिहिला. त्यातले गणित शके १५७५ पासून धरले आहे. ग्रहांची गणिते आकाशाशी जुळत नाहीत, ती जुळवली पाहिजेत, ही काळजी करणारा राजा होता तो.

मग प्रश्न असा येतो, आणि तो मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो: राजव्यवहारकोश करवून फारसी शब्द काढले, नवा शक काढला, तर पत्रांवर 'खमस सबैन अलफ' का राहिले? काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या तीनशे वर्षांच्या वह्या सुहूर सनात होत्या. साऱ्याची थकबाकी, कौल, इनामे, तंटे, सगळे त्यात. एका सकाळी ते मोडले असते तर रयतेला आपल्याच जमिनीचा पुरावा देता आला नसता. शिवाय ते साल मृगात बदलत होते, कुणब्याच्या नांगराबरोबर. रायगडावर अभिषेक झाला त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी मृग लागला होता. खाली मावळात पेरण्यांची घाई चालली होती. वर सिंहासनासाठी नवा शक, खाली शेतासाठी जुना सन. ज्याला राज्य नुसते स्थापायचे नव्हते, चालवायचेही होते, त्याने केलेली ही निवड आहे, आणि मला ती थोर वाटते.

आज आपण काय करतो? २०२३ साली राज्याभिषेकाचे ३५० वे वर्ष लागले. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आली २ जूनला, आणि तारखेचा सोहळा ६ जूनला. रायगडावर दोन्ही झाले. तिथी खरी की तारीख खरी, यावर घराघरांत वाद झाले. माझे मत मी स्पष्ट सांगतो. त्या काळच्या मराठी कागदाने जी नोंद केली ती मितीची आणि वाराची. मूळ साक्ष ती. ६ जून ही त्याच दिवसाची मुंबईच्या वखारीतली तारीख आहे. ती खोटी नाही, पण ती आपली साक्षही नाही. सूर्य पुन्हा आकाशात त्याच जागी येतो तो आजच्या कॅलेंडरच्या १६ जूनच्या आसपास, आणि त्या दिवशी तर कोणीच काही करत नाही. उत्सव कधी करायचा हे लोकांनी ठरवावे, त्यात मी पडणार नाही. पण शिलालेखावर, पाठ्यपुस्तकात, संग्रहालयाच्या पाटीवर शक, मिती आणि वार आधी यावेत, आणि इंग्रजी तारखेपुढे ती जुन्या गणनेची की नव्या, हे लिहावे. एवढे दोन शब्द लिहायला जागा पुरते.

शेवटी एक विनंती, आणि ती आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांना आहे. अलीकडे लोक मला मोबाइलवर मोडी कागदांचे फोटो पाठवतात. मजकूर ठळक दिसावा म्हणून कडा कापून पाठवतात. वरची दीड ओळ जाते, खालचा छ जातो, पाठीमागची बाजू तर येतच नाही. काहींनी कागद फ्रेम करताना त्या कडा खरोखरच कात्रीने कापल्या आहेत. कृपा करून असे करू नका. कागद पूर्ण उलगडा, चारही कोपरे फोटोत येऊ द्या, मागची बाजूही घ्या, घडीवरचा डाग पुसायला जाऊ नका. साल बहुतेक वरच्या कडेला असते आणि दिवस खालच्या.